वारली चित्राला काच लावायची का? आधी ते कशावर आणि कशाने काढलंय ते बघा

पालघर : विक्रमगड तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींना निरोप समारंभात त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने स्वतः काढलेलं तारपा नाचाचं चित्र भेट दिलं होतं. कापडावर गेरूचा लेप आणि वर तांदळाच्या पिठाचं पांढरं काम. गुरुजींनी हौसेने बाजारात नेऊन फ्रेम करून घेतली. काच थेट चित्रावर, मागे हार्डबोर्ड, चारी बाजूंनी चुका ठोकलेल्या. दोन पावसाळे गेले. यंदा घराला रंग द्यायचा म्हणून फ्रेम उतरवली आणि उघडली, तर नाचणाऱ्यांपैकी निम्मी माणसं काचेला चिकटून वर आली.

"काचच लावायला नको होती," असं गुरुजी आता म्हणतात. त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे, पण या चित्राला काच हवीच होती. चूक झाली ती काच चित्राला टेकवण्यात.

आपल्या जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागात अनेक घरांत अशी हाताने काढलेली अस्सल चित्रं आहेत. कुणाला लग्नात मिळालेली, कुणी थेट कलाकाराकडून घेतलेली. मुळात हे चित्र लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवर काढायचं, सवाशिणींनी चौक लिहायचा. ते वर्षानुवर्षं टिकावं अशी कुणाची अपेक्षाही नसायची. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. 1970 च्या दशकात ते कागदावर आणि कापडावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर पोचवलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र भिंतीवरून सुटलं, विकत मिळू लागलं, आणि मग ते टिकवायचं कसं हा प्रश्न आला. रंग मात्र अनेकांनी तेच ठेवले.

त्या रंगातच सगळी मेख आहे. गेरू किंवा शेणाचा लेप, त्यावर तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक कालवून केलेला पांढरा रंग. वाळल्यावर तो भुकटीसारखा वर बसतो. ओल्या फडक्याने पुसला तर निघून येतो, कोरड्या फडक्यानेही घासला जातो. शिवाय तांदळाचं पीठ म्हणजे स्टार्च, कसरीचं आवडतं खाणं. असं चित्र उघडं टांगलं तर धूळ बसते, चुलीचा धूर बसतो, पालीची घाण पडते, आणि यातलं काहीच नंतर साफ करता येत नाही. म्हणून पारंपरिक रंगातल्या चित्राला काच लावाच. कागदावरचं जलरंगाचं किंवा पोस्टर कलरचं चित्र असेल तरी हेच.

आता काच टेकली की काय होतं ते बघा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा कायम दमट. रात्री गारवा आला की काच आधी थंड होते आणि आतल्या हवेतला ओलावा तिच्यावर बारीक थेंबांनी बसतो. एसटीच्या खिडकीवर बसतो ना, तसाच. चित्र काचेला टेकलेलं असेल तर हे पाणी थेट रंगाला लागतं. डिंक सुटतो, चिकट होतो, आणि दुपारी वाळताना काचेला धरून बसतो. असं चार महिने रोज. पुढे बुरशी येते ती वेगळीच.

उपाय महाग नाही. चित्र आणि काच यांच्यात निदान 3 ते 5 मिलिमीटर मोकळी जागा पाहिजे. त्यासाठी चित्राभोवती जाड माउंट लावतात, किंवा काचेच्या कडेने फ्रेमच्या आत, बाहेरून न दिसणारी बारीक पट्टी बसवतात. फ्रेमवाल्याला "माउंट लावा" एवढंच सांगून भागत नाही, कारण पातळ माउंट लावलं आणि कापड मध्ये फुगलं की ते पुन्हा काचेला टेकतं. फ्रेम हातात घ्या, आडवी धरून बाजूने बघा. फट दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट, चित्र मागच्या पुठ्ठ्यावर फेविकॉलने चिकटवू देऊ नका. फ्रेमवाले सहज म्हणतात, "साहेब, सरळ बसेल." बसतं सरळ, पण पुन्हा सुटत नाही. कागदाचं चित्र असेल तर चार कोपऱ्यांना कागदी खिशात अडकवायचं. हार्डबोर्ड थेट चित्राला लावला तर त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. मध्ये चांगला अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा घालायला सांगा. जिल्ह्यात मिळाला नाही तर मुंबईहून मागवावा लागेल, पण तेवढं करावं.

कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक रंगाने काढलेलं चित्र मात्र वेगळं. हल्ली प्रदर्शनातली बरीच वारली चित्रं अशीच असतात. हा रंग वाळला की पाण्याने सुटत नाही. त्याला काच नसली तरी चालते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की झालं. ऑइल पेंटही साधारणपणे बिनकाचेचाच ठेवतात. घरात चूल पेटत असेल तर मात्र अ‍ॅक्रिलिकलाही काच बरी, अर्थात फट ठेवूनच. कोणता रंग आहे ते कळत नसेल तर चित्र काढणाऱ्याला विचारा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा फोनवर सापडतो, ही मोठी सोय आहे. ओलं बोट लावून बघू नका!

काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकची शीट लावू का, असंही लोक विचारतात. 2 मिलिमीटर काचेचं वजन एका चौरस मीटरला 5 किलो भरतं, शीट त्याच्या निम्म्याहून कमी आणि फुटायची भीती नाही. पण शीट पुसली की तिच्यात स्थिर वीज येते आणि ती भुकटी ओढून घेते. पिठाच्या रंगावर ती नकोच.

उन्हाचं काय? साधी काच सगळे अतिनील किरण अडवत नाही, आणि दिसणारा उजेडसुद्धा रंग उडवतो. गेरू आणि पांढरा तसे दणकट, पण कापड आणि कागद कमजोर होतात. शिवाय गेरूची पार्श्वभूमी गडद, त्यामुळे समोर खिडकी असेल तर काचेत चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. खिडकीच्या समोरची भिंत टाळा. ज्या भिंतीवर बाहेरून पावसाची झड येते, तीही टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं चिकटवली की भिंतीशी हवा खेळती राहते.

ज्यांचं चित्र आधीच काचेला चिकटलंय त्यांनी ओढू नये आणि वाफ किंवा पाणी तर अजिबात लावू नये. फ्रेम उतरवून, काच आणि चित्र एकत्रच, कोरड्या जागी आडवं ठेवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृती संवर्धनाचं केंद्र आहे, अशा ठिकाणच्या जाणकारांना आधी फोटो दाखवा.

गुरुजींनी काच अजून पुसलेली नाही. ती आणि कापड, दोन्ही कपाटात जपून ठेवलंय. दिवाळीत विद्यार्थी गावी येईल तेव्हा त्यालाच दाखवायचं, असं त्यांनी ठरवलंय.