यंत्राचें दुखणें

दुखणें हत्तीच्या पावलांनीं येतें आणि मुंगीच्या पावलांनीं जातें, अशी आपल्याकडे म्हण आहे. मनुष्यदेहाला ती पुष्कळदां लागू पडते. मोटारीच्या इंजिनाला मात्र ती उलटी करून लावावी लागते. इंजिनाचें दुखणें बहुधा मुंगीच्या पावलांनीं येतें. प्रथम एखादा बारीक आवाज, मग अनोळखी वास, मग धुराची एक रेघ, मग चालकासमोरील फळीवर पेटलेला दिवा, अशा पायऱ्यांनीं तें वर चढतें; आणि जातांना तें इंजिनालाच घेऊन जातें. या पायऱ्या चढण्यास कधीं महिने लागतात, कधीं मिनिटें. परंतु पायऱ्या असतात, आणि त्या दिसतात. तरीही चांगला सुज्ञ मनुष्य त्यांच्याकडे डोळेझांक करून गाडी हांकीत राहतो. असें कां व्हावें, आणि त्या खुणांचा अर्थ काय, हें समजून घेणें ज्यांच्या दारीं मोटार आहे अशा प्रत्येक कुटुंबास अगत्याचें आहे.

प्रथम इंजिनाच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. आज रस्त्यांवर धांवणाऱ्या बहुतेक पेट्रोल-मोटारींचें इंजिन हें जर्मन यंत्रज्ञ निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं सिद्ध केलेल्या चार टप्प्यांच्या इंजिनाचेंच वंशज आहे. सिलिंडरांत हवा व इंधन यांचें मिश्रण शिरतें, दाबलें जातें, पेटतें आणि धूर होऊन बाहेर पडतें. पेटण्याच्या क्षणीं आंतील वायूचें उष्णमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातें. ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन घडवितात, तो धातु सुमारें ६६० अंशांवर वितळतो. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर धांवा घेतो, पन्नास वर आणि पन्नास खालीं. अशा भट्टींत राबूनही तो वितळत नाहीं आणि सिलिंडरास चिकटूनही बसत नाहीं, याचें श्रेय दोन मुक्या सेवकांना आहे. त्यांतला एक पाणी आणि दुसरा तेल.

इंधन जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भागच कामास येतो. उरलेल्या उष्णतेपैकीं बरीचशी धुराबरोबर जाते आणि बरीचशी पाण्यावाटे रेडिएटरकडे जाऊन वाऱ्याच्या स्वाधीन होते. हें पाणी साधें नसतें. त्यांत ग्लायकॉल मिसळलेलें असतें व तें बंद नळ्यांतून दाबाखालीं फिरतें, म्हणून शंभर अंशांवरही तें उकळत नाहीं. नळी फाटली, पंप थकला किंवा पंखा बंद पडला, कीं ही व्यवस्था ढासळते. गाडी उभी राहते त्या जागीं हिरवट वा गुलाबी डाग दिसूं लागणें, बॉनेटमधून गोडसर वास येणें, घाट चढतांना उष्णतेचा कांटा नेहमींची जागा सोडून वर सरकणें, या सर्व त्याच्या पूर्वसूचना होत. भर उन्हाळ्यांत बोरघाट चढतांना त्या विशेष स्पष्ट दिसतात.

येथें एक फसवी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. उष्णता मोजणारें साधन पाण्यांत बुडालेलें असतें. सर्वच पाणी निघून गेलें, तर तें साधन कोरडें पडतें, आणि कित्येकदां कांटा वर जाण्याऐवजीं खालीं येतो. चालकाला वाटतें, संकट टळलें. वास्तविक तेव्हां तें पराकोटीस पोंचलेलें असतें. अति तापल्यामुळें इंजिनाचें वरचें झांकण, ज्याला हेड म्हणतात, तें वांकतें. त्याखालील गॅस्केट फुटतें. पाणी सिलिंडरांत व तेलांत शिरतें. तेलाचें बूच उघडल्यावर आंत दुधाच्या सायीसारखा लपका दिसला, कीं हा प्रकार बहुधा घडून गेला असें समजावें.

दुसरा सेवक तेल. फिरणारा दांडा आणि त्याला पेलणारें बेअरिंग यांच्यामध्यें केसाहूनही पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो. तो आहे तोंवर धातु धातूला शिवत नाहीं. पंपाच्या दाबानें हा पापुद्रा टिकून राहतो. तेलाच्या झारीचें चित्र असलेला तांबडा दिवा पेटतो तो हा दाब नाहींसा झाल्याचें सांगण्यासाठीं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, तो दिवा म्हणजे तेल थोडें कमी झाल्याची आठवण. पुढच्या पंपावर भरलें म्हणजे झालें. ही समजूत फार महाग पडते. तेल कमी होत चालल्याची खबर आधींच तेल मोजण्याच्या पट्टीवर कळत होती; पण पट्टी कोणीं काढून पाहिली नाहीं. दिवा पेटल्यानंतर आठवडे नव्हे, दिवस नव्हे, केवळ क्षण हातांत असतात. गाडी बाजूला घेऊन तत्काळ इंजिन बंद करणें हाच एक उपाय. त्यानंतरही जो पुढें जातो, त्याला आंतून घणाचे ठोके पडल्यासारखा आवाज ऐकूं येतो, आणि तो आवाज थांबतो तेव्हां सहसा इंजिनही थांबलेलें असतें.

धुरालाही भाषा आहे. थंडीच्या सकाळीं निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी होय. ती थोड्या वेळांत नाहींशी होते. परंतु गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर निघत राहिला, तर आंत पाणी जळत आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन अधिक आणि हवा कमी. त्याचप्रमाणें दिव्यांच्या रंगांचाही सामान्य संकेत आहे: तांबडा म्हणजे थांबा, पिंवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा वा निळा म्हणजे केवळ माहिती. पेट्रोल-गाडींत इंजिनाचें चित्र असलेला पिंवळा दिवा स्थिर न राहतां लुकलुकूं लागला, तर एखाद्या सिलिंडरांत इंधन न जळतां बाहेर जात आहे आणि तें धूर शुद्ध करणाऱ्या भागांत जळून त्याला तापवून नासवीत आहे, असें समजावें.

हें सर्व दुर्बोध मुळींच नाहीं. मोटार-युगाच्या अगदीं आरंभीं एका स्त्रीनें तें करून दाखविलें आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेंझ ही आपल्या दोन मुलांस बरोबर घेऊन, पति कार्ल बेंझ यानें बनविलेल्या मोटारींतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. वाटेंत ना पेट्रोल-पंप, ना मिस्त्री. त्या इंजिनाचें पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून तिनें तें ठिकठिकाणीं पुनः भरलें. इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली, असें सांगतात. झिजलेल्या ब्रेकला एका चांभाराकडून चामडें बसवून घेतलें. तिच्यासमोर एकही दिवा नव्हता, कांटा नव्हता. होते ते फक्त कान, नाक व डोळे, आणि कुरबूर ऐकतांच थांबण्याची तयारी.

आजच्या चालकापुढें दिव्यांची दिवाळी असते. उणीव असते ती या तयारीची. त्याचीं कारणें यंत्रांत नाहींत, स्वभावांत आहेत. पहिलें कारण संवय. रोज थोडा थोडा वाढणारा आवाज रोज ऐकणाऱ्यास ऐकूं येत नाहीं. महिन्यानें आलेला पाहुणा गाडींत बसतांच विचारतो, हें काय वाजतें? दुसरें कारण जवळ आलेलें ठिकाण. दहाच मैल उरले, लग्नाचा मुहूर्त टळेल, मुलें पेंगुळलीं आहेत. मग आजचें मरण उद्यांवर ढकललें जातें. तिसरें कारण खर्चाची धास्ती. नळीचे शेंकडों रुपये वांचविण्याच्या नादांत इंजिनाचे लाखभर रुपये जातात. चौथें कारण दिव्यालाच खोटें ठरविण्याची वृत्ति. तो दिवा कधींकधीं खोटाही असतो, हें खरें. परंतु तो खोटा आहे हें तपासून ठरवायचें असतें, इच्छेनें नव्हे.

पांचवें कारण अधिक नाजूक आहे. पुष्कळ घरीं गाडी पगारी चालक चालवितो. त्याला बिघाड पुष्कळदां आधीं कळतो. पण सांगितलें तर आपल्यावरच आळ येईल, किंवा साहेबांच्या कामाचा खोळंबा होईल, या भयानें तो गप्प बसतो. तांबडा सिग्नल असतां गाडी थांबविल्याबद्दल आगगाडीच्या चालकास कोणी दोष देत नाहीं. मोटारीच्या चालकालाही तेवढें अभय मालकानें दिलें पाहिजे.

हा प्रश्न केवळ पैशांचाही नाहीं. द्रुतगति मार्गावर इंजिन एकाएकीं जाम झालें, कीं स्टिअरिंग व ब्रेक यांना मिळणारें साह्य थोड्याच वेळांत नाहींसें होतें, आणि मागून अवजड वाहनें येतच असतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी बुडाल्या. अशा पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुनः सुरू करूं पाहणें ही मोठी चूक होय. पाणी हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरांत शिरलें असतां पिस्टनचा दांडा वांकतो. आणि चढत्या पाण्यांत किल्ली फिरवीत बसणें हें इंजिनाहून मनुष्याला अधिक घातक असतें.

म्हणून कुटुंबानें थोडे नियम पाळावे. आठवड्यांतून एकदां, इंजिन थंड असतांना, तेलाची पट्टी व पाण्याची पातळी पाहावी. गाडी निघाल्यावर तिच्या खालच्या जमिनीकडे एक दृष्टि टाकावी. तांबडा दिवा पेटला तर सुरक्षित जागा पाहून थांबावें व इंजिन बंद करावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालचें उकळतें पाणी उसळून तोंड भाजतें. आणि गाडींतील कोणी, मग तें लहान मूल कां असेना, कसला वास येतो किंवा कसला आवाज होतो असें म्हणालें, तर रेडिओ बंद करून दोन क्षण ऐकावें. खर्च कांहींच नाहीं, आणि मुंगी तोंवर मुंगीच असते.