गॅस्केट, मोटारसायकल एंजिनातील

एंजिनाच्या दोन जोडभागांमधून वायू, वंगण तेल वा बाहेरची हवा निसटू नये म्हणून त्यांच्यामध्ये दाबून बसविलेला पातळ थर. धातूचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे व खाचा असतात. नट आवळल्यावर गॅस्केट दबून या खाचा भरते. गळती केवळ गॅस्केटच्या द्रव्यामुळे थांबत नाही, तर त्यावर सर्वत्र सारखा दाब पडल्यामुळे थांबते. गॅस्केट बदलण्याचे बहुतेक नियम याच तत्त्वातून निघतात.

स्थाने व द्रव्ये : सर्वांत कठीण काम सिलिंडर व त्याचे शीर्ष (हेड) यांमधील गॅस्केटचे असते. ज्वलनाच्या वेळी तेथील दाब वातावरणीय दाबाच्या सु. ५० पट होतो आणि वायूचे तापमान काही क्षण २,०००° से. च्या वर जाते. हे गॅस्केट तांब्याचे, ग्रॅफाइटचा लेप असलेल्या पोलादी पत्र्याचे वा अनेक पोलादी थरांचे असते. सिलिंडरच्या बुडाशी तसेच क्लच व मॅग्नेटो यांच्या झाकणांखाली तंतुमय कागदाचे, तर धुराड्याच्या (सायलेन्सरच्या) तोंडाशी धातूचे कडे असते. एकदा दबलेले कागदी वा संमिश्र गॅस्केट पुन्हा वापरता येत नाही. तांब्याचे गॅस्केट मात्र मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविले असता मऊ होते व पुन्हा चालते.

बिघाडाची कारणे व लक्षणे : ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे प्रत्येक तापण्या-निवण्यात सांध्यावरील ताण बदलतो. पुणतांबा (ता. राहाता, जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) व परिसरातील गोदाकाठची काळी चिकण माती सिलिंडरच्या पंख्यांत (फिन्समध्ये) बसून वाळली, तर हवेने थंड होणाऱ्या एंजिनाची उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी शीर्ष वाकते व गॅस्केट जळते. सांध्यापाशी तेलाचा ओलावा, फुसफुस आवाज, ओढ कमी होणे आणि साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येणे ही त्याची लक्षणे होत. लूना मोपेडसारख्या दोन धावी (टू-स्ट्रोक) वाहनात बुडाचे गॅस्केट फुटल्यास बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण विरळ होते व दट्ट्या (पिस्टन) तापून सिलिंडरात अडकू शकतो.

जाडीचे महत्त्व : हाताशी असलेल्या जाड कागदाचे गॅस्केट कापून बसविण्याची रीत गावोगावच्या गॅरेजांत आढळते. झाकणांच्या बाबतीत ती बहुधा चालते; सिलिंडरच्या बाबतीत नाही. ५० मिमी. व्यासाच्या, ९७.२ घ. सेंमी. क्षमतेच्या व ९ : १ संपीडन गुणोत्तराच्या एंजिनात गॅस्केटची जाडी ०.५ मिमी. ने वाढली, तर ज्वलन कोठीचे आकारमान सु. १ घ. सेंमी. ने वाढून गुणोत्तर सु. ८.४ : १ वर येते. शक्ती घटते व इंधन अधिक लागते.

बदलण्याची कृती : काम एंजिन पूर्ण थंड असताना करावे. तेल काढून घ्यावे व संपीडन धावेच्या शेवटी दट्ट्या सर्वांत वर आणून खुणा जुळवून घ्याव्यात. शीर्षाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडेथोडे सैल करावेत. कॅमची साखळी तारेने बांधून ठेवावी, अन्यथा ती खाली पडते. चिकटलेला भाग रबरी हातोडीने हलकेच ठोकून सोडवावा. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्यास ॲल्युमिनियमवर कायमचा ओरखडा उमटतो व नवे गॅस्केटही त्या वाटेने गळते. भुजादंडाच्या पेटीचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करूनच पृष्ठभाग साफ करावेत. यासाठी करवतीचे पाते न वापरता लाकडी वा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी.

जुन्या वाहनांतील गॅस्केटांत ॲस्बेस्टस असू शकतो. त्याचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन अनेक वर्षांनी कर्करोग वा फुप्फुसांचा असाध्य रोग उद्‌भवतो. म्हणून असे गॅस्केट कोरडे खरवडू नये, तारेच्या ब्रशने घासू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ते तेलाने वा पाण्याने भिजवून काढावे आणि कचरा बंद पिशवीत ठेवावा. ही दक्षता दिवसभर हेच काम करणाऱ्या कारागिराला व त्याच्या हाताखालील मुलांना विशेष आवश्यक असते.

सपाटपणा सरळ धारेच्या पट्टीने व फिलर गेजने तपासावा, ०.०५ मिमी. हून अधिक फट बहुधा त्याज्य समजतात. नंतर मार्गदर्शक खुंट्या (डॉवेल) जागी असल्याची खात्री करून, तेलाची छिद्रे जुळतील अशा रीतीने नवे गॅस्केट ठेवावे. निर्मात्याने सांगितले नसल्यास त्यावर कोणताही चिकट लेप लावू नये.

नट समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. लावलेल्या पिळाचा सु. नऊदशांश भाग घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे आटे कोरडे ठेवावेत की तेल लावलेले, याबाबतची सूचना काटेकोरपणे पाळावी. कोरड्या आट्यांसाठी दिलेले माप तेलकट आट्यांना लावल्यास स्टड ताणला जातो.

शेवटी भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे, झडपांमधील फट तपासावी व तेल भरून एंजिन सुरू करावे. ते तापून थंड झाल्यावर सांधे पुन्हा तपासावेत. आवळण्याचा क्रम चुकल्यास उत्तम गॅस्केटही टिकत नाही. तसेच वाकलेल्या शीर्षाखाली गॅस्केट कितीदा बदलले, तरी गळती थांबत नाही.