‘पयले निकाल तं लागू दे’

समजा, भातकुली तालुक्यातल्या एका गावात शेजाऱ्यानं दोन तासं आत नांगर घातला आणि धुऱ्यावरचं भांडण कुऱ्हाडीपर्यंत गेलं. जखमी माणसाला अमरावतीला इर्विन रुग्णालयात हलवलं. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून निकामी झाला. ऐन सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत घरचा सोंगणारा खाटेवर. अशा घरात कुणी सरकारी भरपाईचा विषय काढलाच, तर पारावरचं उत्तर ठरलेलं असतं : ‘पयले निकाल तं लागू दे, मंग पैशाचं पाहू.’

सल्ला आपुलकीचा असतो आणि साफ चुकीचा.

निकालाची अट कायद्यात नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७अ आलं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. गुन्ह्यामुळे ज्याचं नुकसान झालं, ज्याला इजा झाली आणि ज्याला पुन्हा उभं राहायला मदत लागेल, त्याच्यासाठी किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी राज्यानं निधी ठेवायचा, असं हे कलम सांगतं. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तर पीडित स्वतः अर्ज करू शकतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची. खटला चालू असताना अंतरिम मदत देण्याचा विचार न्यायालयांनी लवकरात लवकर करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बजावलं आहे.

आरोपीची वाट पाहणं किती क्रूर ठरू शकतं, हे वांद्रे टर्मिनसच्या प्रकरणात दिसलं. २ मे २०१३ रोजी नोकरीसाठी मुंबईत उतरलेल्या एका तरुण परिचारिकेवर फलाटावर ॲसिड फेकलं गेलं. महिनाभरानं ती गेली. खरा आरोपी पकडला गेला तो जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या काळात दवाखाना, औषधं, मुंबईतला मुक्काम हे सगळं घरच्यांपुढं उभं होतंच. ते काही अटकेसाठी थांबत नाही.

हल्ल्याच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०१३ ला महाराष्ट्रानं ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी आधी २ ते ३ लाख रुपये होते. २०१७ च्या सुधारणेनंतर कमाल रक्कम १० लाखांवर गेली.

दुसरा घोळ असतो तो दाराचा. अर्ज कुठं द्यायचा? आपल्याकडचा माणूस न विचारता तहसीलकडे वळतो, आणि त्याला कारण आहे. वऱ्हाडात सरकारी मदतीची ओळखच शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणांतून झाली : तलाठ्याचा अहवाल, तहसील, कलेक्टर कचेरीतली समिती, ‘पात्र’ की ‘अपात्र’, मग १ लाख, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. गुन्ह्याच्या भरपाईचं दार वेगळं आहे. ते आहे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. भातकुलीकरांसाठी अमरावतीचं, तिकडे अकोलेकरांसाठी अकोल्याचं. गोंधळात भर म्हणजे ‘मनोधैर्य’सुद्धा आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होती, २०१७ नंतर ती प्राधिकरणाकडे आली. जुनी माहिती धरून फिरणारे लोक म्हणून आजही चुकीच्या जिन्यावर भेटतात. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, बँकेचं पासबुक एवढं घेऊन जावं. अर्ज लिहून द्यायला ‘ओळखीचा माणूस’ लागत नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा फोन क्रमांक आहे.

ॲट्रॉसिटी कायद्याखालची मदत मात्र खरोखरच कलेक्टर आणि समाजकल्याण खात्याच्या वाटेनं येते, आणि तिथंही निकालाची अट नाही. खुनाच्या प्रकरणात ८ लाख २५ हजारांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर, उरलेली आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर, असं २०१६ च्या नियमांत लिहिलेलं आहे.

‘हे सगळं बायांसाठीच आहे,’ हाही एक समज. स्त्रियांसाठी वेगळी आणि जास्त रकमेची योजना आहे हे खरं, पण कलम ३९६ पुरुष-स्त्री पाहत नाही. केंद्राच्या पीडित भरपाई निधीच्या मार्गदर्शक तत्त्वांत मृत्यूसाठी किमान २ लाख, ४० ते ८० टक्के कायमच्या अपंगत्वासाठी किमान १ लाख सुचवलेले आहेत. आपल्या धुऱ्यावरच्या जखमीनं म्हणूनच अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवावं. टक्का किती भरतो, यावर बरंच अवलंबून असतं.

दवाखान्याचं एका दमात सांगता येईल. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेला सरकारी डफरीन असो की चकचकीत खासगी रुग्णालय, तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात. ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणून उपचार नाकारणं हा गुन्हा आहे.

सगळ्यात चिवट समज मानाचा आहे : सरकारचे पैसे घेतले म्हणजे प्रकरण मिटवलं. गावात तोंडावर बोललं जातं, ‘पैसे घेतले नं, मंग आता कायची केस?’ ही भरपाई आरोपीकडून येत नाही, त्यामुळे ती घेऊन त्याला माफी मिळत नाही. खटला चालतो, शिक्षा व्हायची ती होते, आरोपीला झालेला दंड वेगळा. म्हणजे हा पैसा घरी बसवण्यासाठी नाही, साक्षीला उभं राहण्याइतकं बळ राहावं म्हणून आहे. मोठी रक्कम एकदम हाती पडत नाही हेही सांगायला हवं : चौथा हिस्सा खर्चायला, बाकी मुदत ठेवीत. भाऊबंदांच्या डोळ्यांपासून ती ठेव बरी राखते.

मुदतीचं भान मात्र हवं. स्त्रियांसाठीच्या योजनेत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला कारण पटवून द्यावं लागतं.

आरोपीकडून वसूल करायच्या भरपाईची वाट याहून जुनी, आणि तिथं खुद्द न्यायालयांनाच विसर पडलेला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातलाच एक शेतकरी रात्री बायकोसोबत शेताच्या राखणीला असताना वाटेनं जाणारा एक जण कुणाच्या तरी कुत्र्यावर लोखंडी पाइप उगारतो. शेतकरी त्याला हटकतो, त्यावरून वाद होतो, तोच पाइप शेतकऱ्याच्या डोक्यात बसतो, दोन दिवसांनी तो मरतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं ते मे २०१३ मध्ये. भरपाई द्यायची की नाही, याचा विचार प्रत्येक फौजदारी प्रकरणात केलाच पाहिजे, असं न्यायालयानं त्यात ठणकावलं. खालच्या न्यायालयांनी तो केला नव्हता. एवढ्या काळानं प्रकरण परत पाठवणंही आता योग्य वाटत नाही असं म्हणून, पुढं तरी काळजी घेतली जाईल अशी आशा व्यक्त करून, त्या निकालानं विषय तिथंच मिटवला.