पाणचक्कीचं पाणी वर कसं चढतं?

मित्रांनो, चार वर्षं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला राहून पाणचक्की न पाहिलेले आपल्या कॉलेजात किती जण आहेत? हात वर करा! पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळ-अजिंठ्याच्या बसमध्ये बसवून देतो आणि गावातलं गावात राहून जातं. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी, सबमिशनं उरकल्यावर आम्ही पाच जण तीन गाड्यांवर निघालो. थंडी अशी, की मागे बसणाऱ्याला पुढच्याच्या पाठीचा आडोसा आणि पुढच्याला कसलाच नाही. बेत साधा होता, बघायचं आणि खायचं. पण मध्येच फ्लुइड मेकॅनिक्स आलं, त्याला इलाज नाही.

खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून पाणचक्की आहे. उंच भिंतीवरून पाण्याची चादर हौदात पडत होती. तिथल्या एका काकांनी सांगितलं, "सायफन है, पानी अपने आप चढता है." मेकॅनिकलवाल्या प्रशांतने मान डोलावली. सिव्हिलच्या वैशालीने मात्र तिथेच वाद काढला, आणि तिचं बरोबर होतं. पाणी 'आपोआप' कधीच चढत नाही. खऱ्या सायफनमध्ये नळी मध्ये उंच जाते आणि उगमापेक्षा खाली संपते. इथे उलट आहे. पाणी काही किलोमीटर दूरच्या डोंगराकडून भाजलेल्या मातीच्या नळांतून खाली येतं आणि शेवटी पुन्हा वर जातं. उगम उंचावर आहे म्हणून ते चढतं, एवढंच. गवंडी पाण्याने भरलेली नळी दोन भिंतींना धरून लेव्हल बघतो, तेच हे मोठ्या मापात.

मग वाटेत विटा-दगडांचे ते उंच मनोरे कशाला? मला सगळ्यात आवडलं ते हे. मातीचा नळ फार दाब सोसत नाही. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोचा दाब. मनोऱ्यात पाणी वर चढून उघडं होतं, पुन्हा खाली उतरतं. त्यामुळे नळात अडकलेली हवा सुटते आणि दाब हद्दीत राहतो. आपण आज एअर व्हॉल्व्ह आणि ब्रेक प्रेशर टँक असे दोन वेगळे प्रश्न वायवाला विचारतो, इथे दोन्ही एकाच खांबात!

चक्कीचं चाक आडवं आहे. पाणी पात्यांवर आदळलं की आस फिरतो आणि त्याच आसावर वरचं जातं. गिअर नाही, पट्टा नाही. दर्ग्यात येणाऱ्यांसाठी इथे पीठ दळलं जाई. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, म्हणजे उन्हाळ्यात फुकटचा कूलर. (हिवाळ्यात तिथे फार थांबू नका.)

ही विद्या या गावात आणली मलिक अंबरने. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने इथे खडकी वसवली आणि पुढे नहर-ए-अंबरी बांधली. त्याची खरी हुशारी उगमाशी आहे. उघड्या तलावावर न विसंबता त्याने जमिनीखाली दगडी बोगदे नेले आणि त्यांत भूजल झिरपू दिलं. त्यामुळे बाष्पीभवन कमी आणि पंपाचं काम नाही. पाणचक्कीची नहर नंतरची, पण त्याच वाटेने गेलेली.

तिथून बीबी का मकबरा. ताजमहालाची नक्कल म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मुख्य दरवाज्याकडे नीट बघावं. तिथल्या लेखात वास्तुविशारद अताउल्ला याच्याबरोबर इंजिनिअर हंसपत राय याचंही नाव आहे. आपल्या जातभाईचं नाव दरवाज्यावर! संगमरवर खालच्या भागात आणि घुमटाला, मधला भाग बेसॉल्टवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. बजेट सांभाळलंय, दुसरं काय?

दुपारी शहागंजकडे नान-कलिया. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ आला असं सांगतात. मऊ, पिवळसर नान आणि तर्री तरंगणारा मटणाचा पातळ रस्सा. फौजेचं जेवण असल्याचं पटतं, कारण सलीमने चौथा नान मागवला. वैशाली शाकाहारी, तिची भरपाई गुलमंडीवरच्या गरम इमरतीने झाली.

संध्याकाळी मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांवर चढलो. खाली घुमट, त्यापलीकडे शहर, गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या. या शहराला पाणी येतं पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीहून. नाथसागर पूर्ण भरला तरी पातळी ४६४ मीटर, शहर सुमारे ५६८ मीटरवर. प्रशांतने मोबाईलवर हिशेब मांडला. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला ०.२७ युनिट वीज, पंप-मोटरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ०.३९. पाइपमधलं घर्षण वेगळंच. नहरीला शून्य.

"मग नहरीच चालू करा की," सलीम म्हणाला. तेवढं सोपं नाही. नहरी तेव्हाच्या शहरापुरत्या होत्या, आजच्या शहराची तहान त्यांनी भागणार नाही. शिवाय त्यांच्यावर घरं आणि रस्ते आलेत, पायाच्या खोदाईत एक नळ फुटला की पुढचे सगळे मनोरे कोरडे. वरच्या भागात बोअर खोल गेले की बोगद्यातला झिरपाच आटतो. पण जुन्या शहरातल्या बागा, हौद, थोडं वापरायचं पाणी एवढं तरी निघेल, असं वैशालीचं म्हणणं. आधी लेव्हल घेऊन नकाशा करायला हवा, आणि ते काम थिअोडोलाइट हातात असलेल्या आपल्या पोरांना जमण्यासारखं आहे. फायनल इयर प्रोजेक्टसाठी तिने विषय तिथेच ठरवला. सोबत दोघं हवेत, इच्छुकांनी भेटावं.

उस्मानपुऱ्यात तारा पान खाऊन दिवस संपवायचा होता. पण रूमवरून फोन आला, "सहा दिवसांनी नळाला पाणी आलंय, मोटर लावायला कुणी नाही, या लवकर!" पान राहिलंच.