इतकी वर्षं गप्प का होती?

मागे आमच्या विष्णुपुरीच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले आणि बोलणं नाना पाटेकरांवर आलं. कुणाच्या तरी मोबाईलवर जुनी बातमी फिरत आली होती. "दहा वर्षं गप बसली अन् मग बोलायली? नाव कमवायला असंल," एक मावशी म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नाना आपल्याला परके नाहीत. 2015 च्या दुष्काळात त्यांनी मराठवाड्यात येऊन शेतकऱ्यांच्या विधवांच्या हातात चेक दिले. ते कुणी विसरू नये. पण चांगलं काम हे आरोपाचं उत्तर होत नाही, आणि नुसत्या आरोपाने कुणी गुन्हेगारही ठरत नाही.

हकीकत अशी. 2008 मध्ये 'हॉर्न ओके प्लीज' सिनेमाच्या गाण्याच्या शूटिंगला गैरवर्तन झालं, असा तनुश्री दत्ता यांचा आरोप. नानांनी तो नाकारला. आता मावशींचा प्रश्न. दहा वर्षं गप्प? तसं नाही. तनुश्रींनी 2008 सालीच कलाकारांच्या संघटनेकडे तक्रार केली होती. त्या वेळी छळाचा मुख्य मुद्दा आम्ही हाताळलाच नाही, असं त्याच संघटनेने 2018 मध्ये कबूल केलं, माफीही मागितली. पण तीन वर्षांपेक्षा जुनं प्रकरण आमच्या नियमात उघडता येत नाही, असंही सांगितलं! म्हणजे बाई बोलली होती, ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबर 2018 मध्ये ओशिवरा पोलिसांत गुन्हा नोंदवला. पुरावा मिळाला नाही, असा अहवाल पोलिसांनी 2019 मध्ये दिला. मार्च 2025 मध्ये अंधेरीच्या कोर्टाने मुदत संपली म्हणून दखल घ्यायला नकार दिला. कोर्टाने घटना खरी म्हटली नाही, खोटीही म्हटली नाही. टीव्हीवर मात्र 'नानांना दिलासा' एवढंच दिसलं. उशिराचं कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण तसा अर्जच तिथे केलेला नव्हता.

बैठक संपल्यावर एक जण मागे थांबली. तिला विचारूनच हे सांगते. नऊ वर्षांपूर्वी ती एका मेसवर पोळ्या लाटायला जायची. मालकाने हात धरला. घरी सांगितलं तर जाऊबाई म्हणाल्या, काम सोड, पण बोलू नको. मघाशी माना डोलावणाऱ्यांत तीही होती. "मी नाही म्हणले असते तर सगळ्या माझ्याकडेच बघितल्या असत्या," म्हणाली.

मुदतीचं नीट ऐका. कामाच्या जागी छळ झाला तर 2013 च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. मेस, घरकाम, दहापेक्षा कमी माणसांचं ठिकाण, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची असते. पोलिसांचा रस्ता वेगळा, तोही खुला असतो. 181 वर फोन करून विचारता येतं.

तिची समितीची मुदत कधीच गेली. पण त्याच मेसवर आता दुसरी पोरगी कामाला आहे, आपल्याच गल्लीतली. पुढच्या बैठकीला तिला घेऊन येते म्हणाली. मावशींनाही मी आवर्जून बोलावलंय.