ब्रेक नव्हे, दोर

नागपूरजवळच्या आपल्या कोराडीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे विमानवाहू नौकेवर लढाऊ विमान कसं उतरतं याची आपली कल्पना नागपूरच्या विमानतळावर बेतलेली असते: चाकं टेकली, इंजिन मंदावलं, ब्रेक लागले. पण नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे आणि ‘आयएनएस विक्रांत’ ही अख्खी नौकाच २६२ मीटरची. ब्रेकनं तिथं भागत नाही.

विमानाच्या शेपटीखाली एक हुक असतो. डेकवर आडवे ताणलेले तीन पोलादी दोर असतात. हुक त्यांतला एक पकडतो, आणि दोराला जोडलेली डेकखालची यंत्रणा धावत्या विमानाचा जोर स्वतःवर घेते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी नौदलासाठीचं ‘तेजस’ विक्रांतवर उतरलं, तेव्हा ताशी २४० किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांत शून्यावर आला.

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज इंजिनाचा. चाकं टेकताच वैमानिक इंजिन मंद करत नाही, उलट पूर्ण ताकद देतो. कारण हुक हुकला तर थांबायला जागाच नाही, त्याच वेगात पुन्हा आकाशात झेपावलं पाहिजे. म्हणून तर उतरण्याची पट्टी नौकेच्या लांबीला समांतर न ठेवता थोडी तिरकी आखतात. दोर चुकलेल्या विमानापुढे मग उभी विमानं येत नाहीत, मोकळा समुद्र येतो. दोर पकडला गेल्याची खात्री झाली की मगच ताकद कमी करायची. उतरणं आणि उडणं या दोन्हींची तयारी एकाच क्षणी ठेवावी लागते, आणि मला या साऱ्यात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

नौकेच्या नाकाशी दिसणारा चढ विमान अडवण्यासाठी असतो, असंही अनेकांना वाटतं. तो फक्त उड्डाणासाठी आहे. ‘विराट’ या विमानवाहू नौकेवरची सी हॅरियर विमानं सरळ खाली उतरत, ती त्यांच्या इंजिनाची करामत होती, मिग-२९के किंवा तेजसला ती जमत नाही.

विमान उतरताना नौका नांगर टाकून उभीही नसते. ती वाऱ्याला सामोरी धावते, म्हणजे डेकच्या तुलनेत विमानाचा वेग कमी होतो. त्यासाठी विक्रांतच्या चार गॅस टर्बाइन मिळून ८८ मेगावॉट देतात. आपल्या कोराडीच्या वीज केंद्रातला एक मोठा संच ६६० मेगावॉटचा आहे, यावरून अंदाज घ्या.

हे सारं आधी जमिनीवर घोटलं जातं, तेही आपल्या शेजारच्या गोव्यात. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर नौकेसारखाच चढ आणि तसेच दोर बसवले आहेत. तिथं १३ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलाच्या तेजसनं पहिल्यांदा दोर पकडला. चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरवलं.

वैमानिक हे एकट्याच्या नजरेवर करतो, असंही नाही. डेकच्या कडेला भिंगांतून दिसणारे दिवे त्याला उंची बरोबर आहे की नाही ते सांगतात. शिवाय तिथं लँडिंग सिग्नल ऑफिसर उभा असतो, स्वतः मुरलेला वैमानिक. विमान जरा जरी चुकीच्या वाटेवर दिसलं, तर तो परत फिरायला सांगतो, आणि विमान फिरतं.