आदिलाबादचा प्रवास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

निसर्ग, संस्कृती आणि साहस या तिन्ही गोष्टी एकाच प्रवासात हव्या असतील तर कोकणचा किंवा गोव्याचा किनारा गाठावा, अशी मराठी पर्यटकांमध्ये रूढ समजूत आहे. त्यामुळेच यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांना खेटून असलेला तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा बहुतेकांच्या लेखी नागपूर–हैदराबाद महामार्गावरचा एक टप्पा एवढाच उरतो. या जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु पैनगंगा व कडेम या नद्यांची खोरी, साग-बांबूची पानझडी जंगले आणि गोंड, कोलाम, परधान, थोटी या समाजांच्या आजही पाळल्या जाणाऱ्या परंपरा यांमुळे येथील वैविध्य कोणत्याही किनारी मुलखाच्या तोडीचे आहे. त्याविषयीचे काही गैरसमज मात्र प्रवासाचे नियोजन बिघडवतात, आणि काही येथील लोकांवर अन्यायही करतात.

गैरसमज १ : आदिलाबादची म्हणून सांगितली जाणारी सर्व ठिकाणे आदिलाबाद जिल्ह्यातच आहेत.

वस्तुस्थिती : जुना आदिलाबाद जिल्हा ११ ऑक्टोबर २०१६ रोजी विभागला गेला आणि त्यातून आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बासरचे सरस्वती मंदिर आता निर्मल जिल्ह्यात येते, तर १९४० मध्ये निजामी सत्तेविरुद्धच्या लढ्यात गोंड नेते कोमरम भीम जेथे मारले गेले ते जोडेघाट आसिफाबाद जिल्ह्यात आहे. याउलट कुंताला व पोचेरा हे धबधबे, नागोबा या सर्पदेवतेचे केसलापूर आणि जैनथचे लक्ष्मीनारायण मंदिर आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातच आहेत. जुन्या माहितीपुस्तिकांवर विसंबून सर्व स्थळे एका दिवसात पाहू पाहणाऱ्याचा दिवस रस्त्यातच सरतो.

गैरसमज २ : येथील धबधबे बारमाही आहेत आणि त्यांच्या डोहात निर्धास्तपणे पोहता येते.

वस्तुस्थिती : नेरडिगोंडा मंडलातील (मंडल म्हणजे तेलंगणातील तालुक्याहून लहान महसुली घटक) कुंताला हा धबधबा कडेम नदीवर असून त्याची उंची सुमारे ४५ मीटर आहे. ही नदी संपूर्णपणे पावसावर पोसली जात असल्याने ऑगस्टपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत धबधबा भरात असतो, आणि उन्हाळ्यात मात्र बहुतांशी उघडा कातळच दिसतो. शेकडो पायऱ्या उतरून तळाशी पोचल्यावर पाणी शांत भासले, तरी खडकातील खोल कपारी वरून दिसत नाहीत, शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही, आणि वरच्या खोऱ्यात झालेल्या पावसाचा लोंढा खाली आकाश निरभ्र असतानाही येऊ शकतो. अशा कारणांनी या डोहांत अनेकांचे प्राण गेले आहेत. महाशिवरात्रीला येथील सोमेश्वराच्या दर्शनासाठी गर्दी होते, परंतु त्या वेळी पाण्याचा जोर ओसरलेला असतो, हेही ध्यानात ठेवणे बरे.

पोचेरा येथे खुद्द गोदावरी कोसळते, असे अनेक ठिकाणी छापले जाते, तेही बरोबर नाही. गोदावरी बरीच दक्षिणेकडून वाहते. पोचेरा हा बोथ मंडलातील धबधबा कडेमच्या खोऱ्यातला असून तेथील पाणी पुढे कडेममार्गे गोदावरीला आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागराला मिळते. उंचीने तो कुंतालापेक्षा बराच कमी असला तरी रुंदी व खोली यांमुळे त्याचा जोर मोठा आहे. ज्यांना साहसाची ओढ आहे त्यांच्यासाठी बाजारहत्नूर मंडलातील गिरनूरजवळच्या कनकाई धबधब्यापर्यंतची जंगलवाट आहे, आणि गायत्री धबधब्यावर दोराच्या आधाराने कडा उतरण्याचे उपक्रमही झाले आहेत. मात्र दोन्ही ठिकाणी स्थानिक माहितगार सोबत असणे आवश्यक ठरते.

गैरसमज ३ : नागोबाची जत्रा म्हणजे खेळणी-मिठाईच्या दुकानांची एक मोठी ग्रामजत्रा होय.

वस्तुस्थिती : इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येला सुरू होणारी ही जत्रा मुळात गोंडांच्या मेस्राम कुळाची कुलपूजा आहे, आणि दुकाने, पाळणे व गर्दी हा तिचा बाहेरचा वेढा आहे. पूजेची तयारी कित्येक दिवस आधी सुरू होते. कुळातील मंडळी अनवाणी पायी निघून मंचिर्याल जिल्ह्यातील हस्तिनमडुगू येथे गोदावरीचे पाणी झारीत भरतात आणि गावोगावी मुक्काम करत परत येतात. पूजेसाठी लागणारी मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभाराकडे सांगितलेली असतात. आणि केसलापुरात आल्यावर सर्व मेस्राम कुटुंबे वडाच्या झाडांखाली उतरतात. महापूजेनंतर ‘भेटिंग’ हा विधी होतो, ज्यात पांढऱ्या साड्या नेसलेल्या नव्या सुनांना नागोबापुढे आणून वडीलधाऱ्यांची ओळख करून दिली जाते, आणि तेव्हापासून त्या कुळाच्या पूजेत सामील होण्यास पात्र ठरतात. दर्शन सर्वांना खुले असले तरी हे विधी कुळाचे आहेत, त्यामुळे पाहुण्याने मर्यादा ओळखून दूर उभे राहावे.

याच जत्रेत भरणाऱ्या दरबारालाही इतिहास आहे. कोमरम भीम यांच्या उठावानंतर निजाम सरकारने आदिवासींच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले आणि अधिकाऱ्यांनी स्वतः केसलापूरला येऊन गाऱ्हाणी ऐकण्याची प्रथा १९४० च्या दशकात सुरू झाली. ती आजही चालू आहे, आणि जमीन, रस्ते, पाणी यांविषयीच्या मागण्या तेथे मांडल्या जातात. ज्या इंद्रवेल्लीत २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, ती येथून जवळच आहे.

गैरसमज ४ : गुस्साडी हा पर्यटकांसाठी केला जाणारा नाच आहे.

वस्तुस्थिती : दिवाळीच्या सुमारास गोंड गावांची पथके एकमेकांच्या गावी पाहुणी म्हणून जातात, या सोहळ्याला दंडारी म्हणतात आणि त्यातील व्रतस्थ नर्तक म्हणजे गुस्साडी. डोक्यावर मोरपिसांचा भरगच्च मुकुट, अंगभर राख आणि हातात दंड धारण केलेला गुस्साडी त्या काळापुरता देवाचे रूप मानला जातो, सण संपेपर्यंत तो स्नान करत नाही, आणि त्याच्या दंडाच्या स्पर्शाने आजार बरे होतात अशी श्रद्धा आहे. ही कला शिकवणारे मारलवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. पैसे देऊन अवेळी नाच करवून घेणे किंवा मुकुट घालून छायाचित्र काढणे म्हणजे एका व्रताचा अवमान करणे होय.

गैरसमज ५ : गोंडी ही मराठीची किंवा तेलुगूची लिपीविहीन बोली आहे आणि मराठी येथे परकी आहे.

वस्तुस्थिती : गोंडी ही स्वतंत्र द्राविडी भाषा आहे. नारनूर मंडलातील गुंजाळा गावी तिची हस्तलिखिते सापडली, त्यांतील लिपीला ‘गुंजाळा गोंडी’ हे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये तिचा समावेश युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकीय अक्षरांच्या जागतिक प्रमाणकात, झाला. मराठीचे नातेही येथे जुने आहे. हैदराबाद संस्थानातील या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी भाषक प्रदेशात गेले, तरी सीमेवरच्या गावांत मराठी बोलणारे राहिलेच. आणि गोंडांच्या कुळकथा किकरी या तंतुवाद्यावर गाणारे परधान घरात मराठी बोलत आले आहेत.

गैरसमज ६ : जंगलात गेले की वाघ दिसणारच.

वस्तुस्थिती : २०१२ मध्ये घोषित झालेला कवाल व्याघ्रप्रकल्प चार जिल्ह्यांत पसरलेला असून ताडोबासारखी वाघांची दाटी तेथे नाही, त्याचे महत्त्व ताडोबा व टिपेश्वर येथून बाहेर पडणाऱ्या तरुण वाघांच्या संचारमार्गात आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला आणि गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक वाघ आदिलाबाद परिसरातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याची वाटचाल १,३०० किलोमीटरहून अधिक भरली होती. राज्याची सीमा असलेली पैनगंगा वाघाला अडवत नाही, म्हणून दोन्ही काठांवरील झाडी राखणे हे दोन्ही राज्यांचे समान कर्तव्य ठरते.

या सर्व गैरसमजांचे मूळ एकच आहे. आदिलाबादकडे एक तर ओसाड रान म्हणून पाहिले जाते किंवा मनोरंजनाचा देखावा म्हणून, आणि येथे राहणारी माणसे दोन्ही दृष्टींतून निसटतात. पाणी पाहायचे असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, दंडारीसाठी दिवाळीत आणि नागोबासाठी पौष अमावास्येला यावे, छायाचित्रापूर्वी परवानगी मागावी, आणि ज्यांच्या घरी जायचे त्यांच्याच पंचांगाने प्रवास ठरवावा. असे करणाऱ्याला हा जिल्हा हातचे काही राखत नाही.